शांत वेळेत देव "बोलतो" म्हणजे नेमकं काय होतं? मला काहीच ऐकू येत नाही

नगरची_लेक

सर्वांना सलाम. मी मूळची नगर जिल्ह्यातली, लग्नानंतर पिंपरी-चिंचवडला. घर वन रूम किचन. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. मंडळीतच (म्हणजे चर्चमध्येच) वाढले, संडे स्कूलला शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न कुणाला तोंडावर विचारायची लाज वाटते. म्हणून इथे लिहिते.

आमच्या बुधवारच्या घरगुती प्रार्थनेत साक्षीची वेळ आली की निम्म्या बहिणींची सुरुवात ठरलेली असते, "आज सकाळी शांत वेळेत प्रभू माझ्याशी बोलला." कुणाला फ्लॅट बुक करायला सांगितलं, कुणाला उपवास धरायला. एकीला तर मुलाला कुठल्या कॉलेजात घालायचं तेही सांगितलं. मी मान डोलावते. सकाळी मीही बसते. वचन वाचते, सगळ्यांची नावं घेऊन मागणं मागते, प्रभूची प्रार्थना म्हणते आणि उठते. मध्यंतरी पास्टर म्हणाले, नुसतं मागत बसू नका, गप्प राहून ऐकायलाही शिका. म्हणून गप्प बसायला लागले. तर डोक्यात काय येतं? सिलिंडर बुक केलाय का, धाकट्याच्या व्हॅनचे पैसे द्यायचेत, सासूबाईंची बीपीची गोळी संपत आली. देवाचा एक शब्द नाही. थोड्या वेळात डोळा लागतो नाहीतर उगीच रडू येतं.

आता खरी अडचण. मिस्टर चाकणला एका कंपनीत आहेत. कंपनी त्यांना गुजरातच्या प्लांटवर पाठवतेय. पगार वाढेल, क्वार्टर मिळेल. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. आमचं बोलणं चालू होतं तेवढ्यात ग्रुपमधल्या एका ज्येष्ठ बहिणीने सगळ्यांसमोर सांगितलं की प्रभूने तिला दर्शन दिलं आणि आम्ही जायचं नाही. मिस्टर चिडलेत. म्हणतात, देवाला सांगायचंच होतं तर माझा पत्ता त्याच्याकडे नव्हता का?

मला सांगा, ऐकायचं म्हणजे काय करायचं? आलेला विचार माझा की देवाचा, हे कसं ओळखायचं? आणि त्या बहिणीचं नाही ऐकलं तर आज्ञाभंग होतो का?

बेसगिटारवाला

ताई, सलाम. सोपा उपाय म्हणजे मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बसा. (दुसरी खोली म्हणजे किचन, कळतंय मला, आम्हीही चाळीतच वाढलो.) मार्क १:३५ बघा, येशू अगदी पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात जायचा. घरात जमत नसेल तर बाहेर जा. मी कामावर जायच्या आधी गाडी पार्क करून तिथेच बसतो. बाकी देवाचा आवाज वगैरे मोठ्यांनी सांगावं, माझी धाव तिथवर नाही.

वचनच_पुरेसं

बहिणीला सावध करतो. हे "गप्प बसून ऐका" प्रकरण आपलं नाही. मन रिकामं करायचं आणि मग काय येतं ते बघायचं, हे इगतपुरीला विपश्यनेला जाऊन करतात लोक. रिकाम्या घरात अशुद्ध आत्मे शिरतात, हे प्रभूनेच सांगून ठेवलंय. इब्री लोकांस पत्राच्या पहिल्याच वाक्यात आहे की देव पूर्वी संदेष्ट्यांच्या द्वारे बोलला आणि आता पुत्राच्या द्वारे बोलला आहे. जे बोलायचं ते बोलून झालंय, छापून झालंय, तुमच्या उशाशी आहे. वाचा आणि पाळा. बदलीचा निर्णय देवाने दिलेली अक्कल वापरून घ्या. दर्शनं सांगणाऱ्या बाईंच्या घरी जाणंच बंद करा.

मिरजेची_सिस्टर

अगं बाळ, कॉलेजची साक्ष वाचून आधी हसू आलं. आमच्याकडेही आहेत अशा.

मी रिटायर्ड नर्स. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकले, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं ते. पुढची सगळी नोकरी बहुतेक लेबर रूमलाच गेली. मला ऐकायला शिकवलं ते कुठल्या शिबिराने नव्हे, त्या खोलीने. म्हणून तिथलंच सांगते.

तेव्हा आमच्याकडे मशिन नव्हतं. पोटातल्या बाळाचे ठोके फीटोस्कोपने ऐकायचे. साधी पोकळ नळी असते. रुंद तोंड बाईच्या पोटावर टेकवायचं, दुसऱ्या तोंडाला आपला कान. नवीन मुलगी कान लावायची आणि लगेच ओरडायची, "सिस्टर, आले! ऐंशी!" आता ऐंशी म्हणजे बाळ संकटात. तिचे हातपाय गार. मोठ्या सिस्टर जागच्या हलायच्या नाहीत. म्हणायच्या, "आईची नाडी धर आधी." कान नळीला आणि बोटं आईच्या मनगटावर. दोन्ही एकाच वेळी पडत असतील तर तू आईलाच ऐकते आहेस. बाळाचे ठोके वेगळे असतात, मिनिटाला ११० ते १६०, आणि बारीक. कुठेही नळी टेकवून मिळत नाहीत. बाळाची पाठ कुठल्या अंगाला आहे ते हाताने चाचपायचं, मग तिथे नळी ठेवून दम धरायचा. आजूबाजूला बायका कण्हतायत, पंखा खडखडतोय, ट्रॉली चाललीय, ते सगळं चालूच. वॉर्ड शांत झाल्यावर ऐकू म्हटलं असतं तर एकही बाळंतपण झालं नसतं.

तुला माझं सांगणं एवढंच की आधी स्वतःची नाडी धर.

सिलिंडर, व्हॅन, गोळी ही तुझी नाडी. ती लागणारच, पाच माणसांचं घर चालवतेस तू. तिला हुसकत बसलीस तर सगळा वेळ त्यातच जातो. मी एक जुनी वही ठेवलीय, अर्धी हिशेबाचीच आहे. बसले की डोक्यात येईल ते त्यात लिहून टाकते. "जावयाचा फोन नाही." "गुडघा." "गव्हाला कीड." लिहिलं की ते परत परत दार वाजवत नाही, आणि शेवटी तीच यादी देवापुढे ठेवली की मागणंही होऊन जातं, वेगळं करावं लागत नाही.

पण त्याच्या खाली एक मोठी नाडी आहे, तिच्याकडे तू बघितलेलं दिसत नाही. तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. मिस्टरांना काय वाटतं ते लिहिलंस. त्या बहिणीला काय दिसलं ते लिहिलंस. कंपनी काय म्हणते तेही लिहिलंस. तुला जायचंय की राहायचंय? एका अक्षराने सांगितलं नाहीस. ते आधी स्वतःशी कबूल कर आणि देवाला मोठ्याने सांग, किचनमध्ये सांग, कुकरच्या शिट्टीत सांग. ते न बोलता ऐकायला बसलीस तर तुझीच इच्छा किंवा तुझीच भीती देवाचा आवाज काढून बोलेल, आणि तुला पत्ता लागणार नाही.

मग वचन. माझ्या मते आपण फार वाचतो. तीन अध्याय उरकले की टिक. वाचायचं तेवढं वाच, पण ऐकायला बसताना एकच ओवी घे. स्तोत्र १३१ घे, तीनच ओव्यांचं आहे. दूध तुटलेलं मूल आईजवळ असतं तसा माझा जीव शांत आहे, असं दावीद म्हणतो. दूध तुटलेलं पोर आईजवळ येतं ते प्यायला नाही, नुसतं बसायला. हे लेबर रूमच्या बाईला लगेच कळतं, पास्टरांना समजावून सांगावं लागतं. ओवी हळू आवाजात वाच. थांब. पुन्हा वाच. जिथे मन अडकेल त्या शब्दापाशी थांबून राहा, पुढे जाऊ नकोस. काही होत नाही असं वाटलं तरी ठरवलेली वेळ संपेपर्यंत उठू नकोस. दहा मिनिटं पुष्कळ झाली.

डोळा लागतो म्हणालीस. रात्री झोपतेस कितीला? एलीया संदेष्टा ईजबेल राणीला भिऊन पळाला आणि झुडपाखाली पडून म्हणाला, देवा, मला मरू दे. तेव्हा देवाने काय केलं? व्याख्यान दिलं नाही. झोपू दिलं, दूताकडून भाकर-पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला घातलं. होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी आणि ती शांत, मंद वाणी हे सगळं त्याच्यानंतर. तेव्हा झोप येत असेल तर ती घे, तीही त्याचीच देणगी.

आणि त्या मंद वाणीने एलीयाला काय सांगितलं ते सभेत कुणी वाचतच नाही. सांगितलं नाही, विचारलं. "एलीया, तू इथे काय करतोस?" वाणीच्या आधीही हाच प्रश्न, नंतरही हाच. एलीयाने दोन्ही वेळा तेच रडगाणं शब्दाला शब्द म्हटलं, मी एकटाच उरलोय. तरी देव रागावला नाही. परत जा म्हणाला, पुढची कामं नेमून दिली, आणि एकटा नाहीस, इस्राएलात सात हजार राखलेत म्हणाला. लहानग्या शमुवेलाचंही तसंच. "बोल, तुझा दास ऐकत आहे" हे आपण पोरांकडून पाठ करून घेतो आणि तिथेच थांबतो. त्या रात्री देव जे बोलला ते, ज्याच्याजवळ तो राहायचा त्या एली याजकाच्या घराण्यावर येणाऱ्या शिक्षेचं होतं. पोरगं सकाळपर्यंत पडून राहिलं, सांगायला घाबरलं. स्वतः शमुवेलाच्या फायद्याचं त्यात काही नव्हतं. फ्लॅट आणि कॉलेज सांगणारे आवाज ऐकले की मला म्हणून जरा शंका येते. देव फ्लॅटबद्दल बोलत नाही असं नाही. पण ज्याचा देव नेहमी त्याच्याच मनातलं बोलतो, त्याने एकदा मनगट धरून बघावं.

आता त्या ज्येष्ठ बहिणीचं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २१. कैसरियात अगब संदेष्टा आला, पौलाचा कमरबंद घेतला, स्वतःचे हातपाय बांधले आणि म्हणाला, ज्याचा हा कमरबंद त्याला यरुशलेमात असं बांधतील, असं पवित्र आत्मा म्हणतो. ऐकून सगळे रडायला लागले, पौला, जाऊ नकोस. आणि पौल गेला. अगब खोटा होता का? नाही, पौलाला तिथे बांधलंच. पण "जाऊ नकोस" हे आत्म्याने म्हटलं नव्हतं. ते लोकांनी प्रेमापोटी आणि भीतीपोटी जोडलं होतं. तेव्हा त्या बहिणीच्या घरी जा. भांडायला नको, चहाला जा. नेमकं काय दिसलं ते विचार. जे दिसलं ते वेगळं आणि त्यावरून तिने जे ठरवलं ते वेगळं. पौलानेच लिहिलंय की संदेशांना तुच्छ मानू नका, पण सगळ्याची पारख करा. दोन्ही अर्धी पाळायची. आज्ञाभंग वगैरे काही होत नाही.

वचनच_पुरेसं भाऊ, इगतपुरीला मी गेलेली नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. पण मी मन रिकामं कुठे करायला सांगितलं? मी तर एका ओवीने भरायला सांगतेय.

वसईचा_मास्तर

सिस्टरबाईंनी बहुतेक सगळं सांगितलंच आहे. मी कॅथलिक, वसईचा, शाळामास्तर होतो. आमच्याकडची एक वाट सांगतो, पटली तर घ्या.

१५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत इग्नेशियस नावाच्या बास्क सरदाराच्या पायावर तोफेचा गोळा बसला. लोयोलाच्या घरी महिनोन् महिने अंथरुणावर. वाचायला शिलेदारांच्या कादंबऱ्या मागितल्या तर घरात नव्हत्या. मिळालं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. हा पडल्या पडल्या मनोराज्य करायचा. कधी एका उमराव बाईसाठी काय काय पराक्रम करीन याचं, कधी फ्रान्सिस आणि डॉमिनिक या संतांसारखं जगलो तर काय, याचं. दोन्ही वेळा मजा सारखीच यायची. फरक नंतर पडायचा. पहिल्या स्वप्नातून बाहेर आला की मन कोरडं आणि असमाधानी, दुसऱ्यातून आला की आनंद टिकून राहायचा. बरेच दिवस त्याचं लक्षच गेलं नाही. एक दिवस गेलं. आमच्या सगळ्या "आत्म्यांच्या पारखे"ची सुरुवात तिथून होते. विचार येताना कसा वाटतो त्यापेक्षा गेल्यावर मागे काय ठेवून जातो, ते बघायचं.

तुम्हाला महिनाअखेरपर्यंत वेळ आहे ना? मग असं करा. काही दिवस "आम्ही जाणार" असं मनाशी पक्कं धरून राहा. स्वयंपाक करताना, रिक्षात बसताना, आपण जाणार. रोज रात्री दिवाबत्ती झाल्यावर दिवस डोळ्यांपुढून घाला, कशाने जीव मोकळा झाला, कशाने आवळला, कुठे देवाचं भान राहिलं, कुठे सुटलं. एकदोन ओळी टिपून ठेवा. मग तितकेच दिवस "आम्ही राहणार" असं धरून तसंच करा. शेवटी दोन्हींची टिपणं शेजारी शेजारी ठेवा. मिस्टरांनाही करायला सांगा, वेगळं. आणि इग्नेशियसचा एक नियम मला संसारात फार उपयोगी पडलाय, मन उदास आणि काळोखलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. सभेत दर्शन ऐकून घाबरलेल्या रात्री तर मुळीच नाही.

आमच्याकडे जेझुइट, म्हणजे इग्नेशियसच्याच संघाचे, फादर आठ दिवसांची मौनातली साधना देतात. पूर्ण केली तर तीस दिवसांची असते. जेवणाच्या टेबलावरसुद्धा बोलायचं नाही, वरण हवं तर खूण करायची. पहिल्यांदा गेलो तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी बॅग भरली होती. भरलेली बॅग खाटेखाली ठेवून राहिलो. लोणावळ्याच्या "साधना" संस्थेचे फादर अँथनी डिमेलो श्वासापासून, कानावर येणाऱ्या आवाजांपासून सुरुवात करायला शिकवायचे. त्यांच्या निधनानंतर, १९९८ साली, त्यांच्या काही लिखाणाबद्दल व्हॅटिकननेच सावधगिरीची सूचना काढली, हेही प्रामाणिकपणे सांगतो. म्हणजे वचनच_पुरेसं यांची काळजी अगदीच अनाठायी नाही. पण गप्प बसणं परकं, हे काही पटत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात आपले साधू झोपडीत बसून स्तोत्रं घोळवत होते. एक तरुण त्यांच्यातल्याच अब्बा मोशे या साधूकडे उपदेश मागायला गेला तर म्हातारा म्हणाला, जा, आपल्या खोलीत बस, खोलीच तुला सगळं शिकवील. आणि पुण्यात शिवाजीनगरला जॅक विन्स्लो आणि त्यांच्या सोबत्यांचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे. तो तर तुमच्या प्रॉटेस्टंट बाजूनेच सुरू झाला, १९२० च्या दशकात. जमिनीवर बसून देशी पद्धतीने उपासना करायचे ते.

वचनच_पुरेसं

सिस्टर, एका ओवीवर थांबायला माझा विरोध नाही. स्तोत्र १ मध्ये रात्रंदिवस मनन आहेच. दर्शनांबद्दलचं माझं मत कायम. १ राजे १३ वाचा. म्हातारा संदेष्टा म्हणाला, देवदूताने मला सांगितलं, माझ्या घरी चल, जेव. देवाचा माणूस भुलला आणि वाटेत सिंहाने मारला. देवाने त्याला स्वतःला जे सांगितलं होतं ते त्याने दुसऱ्याच्या "मला सांगितलं"साठी सोडलं. मास्तर, इजिप्तच्या साधूंचं मला माहीत नव्हतं. बघतो.

नगरची_लेक

मावशी, मास्तर, सगळ्यांचे आभार. मिस्टरांनाही वाचून दाखवलं. अगबाच्या गोष्टीवर ते खूश.

मावशी, तुम्ही बरोबर नाडी पकडलीत. मला जायचंय. लिहितानाही धडधडतंय. दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, एक दार लावून घेता येईल असं वाटतं. इथे माझं माहेर दोन तासांवर, मंडळी आपली, सासूबाईंचा दवाखाना जवळ, आणि तरी मला जायचंय. म्हणूनच बहुतेक मी ते लिहिलं नाही. मला वाटतं, जे मला एवढं हवंय ते देवाला नकोच असणार. लहानपणापासून असंच वाटतं. जे गोड ते माझं आणि जे कडू ते त्याचं. मग त्या बहिणीने "जायचं नाही" म्हटल्यावर मला वाटलं, हाच देवाचा आवाज, कारण नकोसा वाटला.

मिरजेची_सिस्टर

बघ, आता कुठे तू बोललीस.

शमुवेलाचं मी सांगितलं त्यावरून नकोसं ते देवाचं असा उलटा अर्थ काढू नकोस हां. आईची नाडी ओळखायची ती बाळाचे ठोके कळावेत म्हणून, आईचा जीव घ्यायला नाही. तुला हवं आहे हे देवाच्या विरुद्ध पुरावा नव्हे आणि बाजूनेही नव्हे. ते नुसतं आहे. लिहून ठेव, मास्तरांचा प्रयोग कर. फार छान आहे तो, मलाही माहीत नव्हता.

दार लावायला खोली हवी, यात लाजायचं काय? प्रभूनेच म्हटलंय, खोलीत जा, दार लाव आणि पित्याची प्रार्थना कर. फक्त खोली मिळेपर्यंत थांबू नकोस, एवढंच. आपल्या बायकांना कुठल्या खोल्या होत्या? पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जागृती आली तेव्हा शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या, रडत होत्या. त्याच केडगावात रमाबाई पुढे हिब्रू आणि ग्रीक घेऊन मराठी शास्त्राच्या भाषांतराला वर्षानुवर्षं बसल्या, १९२२ साली गेल्या तोवर तेच काम. एवढ्या पोरींच्या गलक्यात त्या बाईने एकेक शब्द ऐकलाच ना?

आणि एक राहिलं. सासूबाईंना विचारलंस का? त्यांचा दवाखाना, त्यांची मंडळी, सगळं तूच धरून चाललीस. गप्प बसून देवाचं ऐकायचं आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला विचारायचंच नाही, असं नको. शाळेचं माध्यम, तिथे उपासना कुठे, बीपीचा डॉक्टर कोण, हेही त्याच वहीत उतरव.

नगरची_लेक

उशिरा लिहितेय, माफ करा.

त्या बहिणीकडे जाऊन आले, चहाला. तिने खूप प्रेमाने सांगितलं. तिला दिसलं ते असं, की मी रिकाम्या घरात भिंतीला टेकून एकटी बसलेय. बस, एवढंच. "जायचं नाही" हे तिचं स्वतःचं होतं, तिने कबूलही केलं. म्हणाली, तू परमुलखात एकटी पडशील या काळजीने बोलले गं. मिस्टर म्हणतात, रिकामं घर म्हणजे टेम्पोत सामान भरून झाल्यावरचं हेच घर नसेल कशावरून! मी त्या काळजीचं मात्र वहीत लिहिलंय. एकटं पडणं ही खरी गोष्ट आहे.

मास्तरांचा प्रयोग निम्मा झालाय. जाण्याचे दिवस संपले, आता राहण्याचे चालू आहेत. टिपणं अजून शेजारी ठेवलेली नाहीत. मिस्टर लिहीत नाहीत, सांगतात, मीच लिहून घेते. सकाळी स्तोत्र १३१ चालू आहे. देवाचा शब्द वगैरे काही आलेला नाही. "माझ्या आटोक्याबाहेरच्या गोष्टींत मी पडत नाही" अशा अर्थाची ओवी आहे त्यात, तिच्यापाशीच रोज अडकते. रडू येत नाही आता.

सासूबाईंना विचारलं. मला वाटलं होतं हंबरडा फोडतील. त्या म्हणाल्या, तुझे सासरे कारखान्यावर होते, दर दोन वर्षांनी बिऱ्हाड हललं, मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मग म्हणाल्या, तिकडे मराठी उपासना असली तर येते, गुजरातीत मला गीतं म्हणता यायची नाहीत.

तर तेच विचारायचं होतं. प्लांट साणंदला आहे, म्हणजे अहमदाबाद जवळ. तिथे मराठी उपासना कुठे होते का, महिन्यातून एकदा असली तरी चालेल, कुणाला माहीत आहे? आणि उपासना संगीत (आपलं गीतांचं पुस्तक) मोठ्या अक्षरातलं कुठे मिळतं?